लवकर की ज्योती: चिखलदऱ्याच्या पठारावरच्या एक एकर आलूचं प्रकरण

आमच्याकडं आलूच म्हणतात, बटाटा हा शब्द बाजाराच्या पावतीवर भेटतो, म्हणून मी इथं आलूच लिहितो. लवकर आणि ज्योती ही आलूच्या दोन वाणांची नावं. हे प्रकरण माझ्या मामाच्या एक एकराचं आहे, चिखलदऱ्याच्या पठारावरचं, आणि लागोपाठच्या दोन पावसाळ्यांचं. पहिल्या पावसाळ्यात करपा, म्हणजे पाला काळा पाडून कुजवणारा रोग, येऊन पीक गेलं, दुसऱ्यात बऱ्यापैकी हाती आलं. मधल्या काळात आम्ही जे विचारलं, वाचलं, मोजलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कारण त्याच साली आजूबाजूच्या चार-पाच घरी हेच झालं आणि प्रत्येकानं वेगळं औषध मारलं.

आधी जागा सांगतो, कारण अर्धं उत्तर जागेतच आहे. चिखलदरा म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर, गाविलगडच्या डोंगररांगेवर. खाली परतवाडा-अचलपूरकडं कपाशी, तूर, संत्रा, आणि वर घाट चढून आलं की हवाच बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये खाली उघाड पडून लोक डवरणीला लागलेले असतात तेव्हा वर झड चालू असते आणि झड नसली तर धुवारी, म्हणजे धुकं. मामाकडं म्हशी आहेत, खव्याचा धंदा आहे, म्हणजे शेणखत घरचंच, म्हणून पावसाळी आलू घेणं परवडतं. वावर एक एकर पण सपाट नाही, उताराच्या तीन पट्ट्या आहेत, जवळपास सारख्या. वरची पट्टी उघडी, वारा सतत लागतो. मधली बरी. खालची नाल्याकाठी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोठी झाडं, तिथं सकाळचे अकरा वाजले तरी पानावरचं पाणी वाळत नाही. ही खालची पट्टी लक्षात ठेवा.

पहिल्या साली मामानं १८ कट्टे बेणं आणलं, ५० किलोचे. ६ कट्टे कुफरी ज्योती, ते वरच्या पट्टीत लावले, आणि १२ कट्टे कुफरी लवकर, ते मधल्या आणि खालच्या पट्टीत. लवकर कशासाठी, तर व्यापाऱ्यानं सांगितलं की पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत निघतो, मृगात लावला तर गणपतीच्या आसपास बाजारात, तेव्हा भाव असतो. मामाचं गणित चुकीचं नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पीक गेल्यावर सगळे म्हणायला लागले की वाणच बोगस होता. वाण बोगस नव्हता. लवकर हा १९७२ साली आलेला वाण, आपल्या महाराष्ट्राच्या पठारी भागाचा विचार करून दिलेला, उष्णता सहन करणारा, लवकर पोसणारा. जिथं आलूला ऊन नडतं तिथं तो चांगलाच आहे. पण करप्याला तो पटकन बळी पडतो. आणि चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात आलूला ऊन नडत नाही, ओल नडते. म्हणजे ज्या अडचणीवर तो वाण उतारा आहे ती अडचण आमच्या वावरात नाहीच, आणि जी आहे तिच्यापुढं तो कच्चा.

ज्योती त्याहून जुना, १९६८ चा. दोन्ही शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे, कुफरी हे शिमल्याजवळचं गाव, तिथं पैदास होते म्हणून सगळ्या वाणांच्या नावापुढं कुफरी लागतं. ज्योती आला तेव्हा करप्याला चांगला टिकायचा, पण पन्नासेक वर्षांत रोगानं स्वतःला बदलून घेतलं आणि ज्योतीची ती ताकद बरीच उतरली. तरीही त्याचा पाला लवकरसारखा दोन-चार दिवसांत कोसळत नाही, तुम्हाला थोडा वेळ देतो. डोंगरावर त्या थोड्या वेळाचीच किंमत आहे.

आता काय झालं ते. लागवड मृगात, उगवण छान, आर्द्रा-पुनर्वसूत निंदण झालं, झाडाच्या बुडाशी मातीची एक भर लागली, मामी रोज फोनवर सांगायची की आलू लय मस्त दिसून राहिले. पुष्य संपता संपता झड लागली, पाच-सहा दिवस सूर्य नाही. आश्लेषा लागल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, खालच्या पट्टीत पानांच्या टोकाला आणि कडेला ओलसर, काळपट-हिरवे डाग दिसले, गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखे. मामानं परतवाड्याच्या एका दुकानात फोन केला आणि म्हणाला, "लवकरवर करपा आला". आता गंमत नाही, खरंच नडलेली गोष्ट आहे ही: आलूला करपे दोन, एक लवकर येणारा आणि एक उशिरा येणारा, आणि वाणाचं नावही लवकर. समोरच्या पोरानं ऐकलं लवकर करपा. त्यानं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, सोबत एक टॉनिक आणि एक कीटकनाशक, सगळं एकाच पंपात मारा म्हणाला. मामानं मारलं. चार दिवसांनी परत मारलं. डाग खालच्या पट्टीतून मधल्या पट्टीत गेले.

मी पोचलो तोवर दोन फवारण्या झालेल्या होत्या. मामा धुऱ्यावर उभा, म्हणाला, "भाच्या, दोन डाव फवारलं ना बाप्पा, काऊन नाई थांबून राहिला? मले तं वाटलं खताची कमी पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं खालच्या पट्टीत गेलो. वास आधी आला, कुजलेल्या पाल्याचा, ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. मी एक डागाचं पान तोडून उलटं केलं. वरून डाग तपकिरी-काळा, कडेला फिकट हिरवी किनार, आणि खालच्या बाजूला बरोबर त्या किनारीवर पांढरी बुरशी, पिठाची बारीक चिमूट भुरभुरावी तशी. मामानं अंगठ्यानं पुसली तर निघून गेली. दहा वाजता तेच झाड पाहिलं तर पांढरं काहीच नाही, वारा लागला की ती वाळते, दिसत नाही. दुपारी बाजाराच्या रस्त्यावरून डोकावून पाहणाऱ्याला ही खूण कधीच सापडणार नाही. लवकर येणाऱ्या करप्यात असं होत नाही, तो खालच्या जुन्या पानांवर येतो, डागात गोल-गोल वलयं असतात, नेमबाजीच्या चकतीसारखी, डाग कोरडा असतो, आणि तो उष्ण हवेत जास्त. आमच्या वावरात उशिरा येणाराच होता यात शंका उरली नाही.

आणि इथं औषधाची चूक कळली. उशिरा येणाऱ्या करप्याचा जीव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, याला आपण बुरशी म्हणतो पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचा आहे. म्हणून खऱ्या बुरशीवर चालणारी बरीच औषधं याच्यावर चालतच नाहीत. कार्बेन्डाझिम चालत नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं पण नाहीत, कारण बुरशीच्या शरीरातला जो पदार्थ बनणं ती थांबवतात तो पदार्थ हा जीव स्वतः बनवतच नाही. म्हणजे मामानं दोन फवारण्या केल्या त्या रोगाच्या हिशोबानं शून्य होत्या, आणि आठ दिवस गेले ते वेगळेच. आठ दिवस ही फार मोठी रक्कम आहे. हवा थंड आणि ओली असली की पानात शिरल्यापासून नवीन बीजाणू बाहेर यायला याला चार ते सहा दिवस पुरतात. एका डागावर हजारो बीजाणू, आणि गार पाण्यात त्या प्रत्येकातून पोहणारे आणखी सूक्ष्म जीव निघतात, पानावरच्या दवाच्या पातळ थरातून फिरतात. १० ते २० अंश तापमान आणि सतत ओलं पान, एवढंच त्याला लागतं. चिखलदऱ्याचा ऑगस्ट दुसरं काय असतो? आयर्लंडमध्ये १८४५ पासून याच रोगानं आलू सडत गेले आणि सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथीनं मेली, हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

तिसरी फवारणी आम्ही मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेल्या औषधाची केली. वरच्या ज्योतीच्या पट्टीत रोग नुकताच आला होता तिथं उपयोग झाला, नवीन पानं स्वच्छ निघाली. मधल्या पट्टीत अर्धवट. खालच्या पट्टीत काही नाही, तिथं पाला आधीच गेलेला, मेलेल्या पानाला औषध जिवंत करत नाही. आणि एवढ्या पसरलेल्या रोगावर मेटालॅक्सिल मारणं हेसुद्धा चूकच आहे हे मला नंतर समजलं. हे औषध १९७० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि १९८० मध्येच युरोपात रोगानं त्याला दाद देणं सोडलं. आपल्या देशातही त्याला न जुमानणारे रोगाचे प्रकार सापडलेत. रोग भरपूर असताना मारलं की जे जीव वाचतात ते नेमके औषध पचवणारे, आणि पुढची पिढी त्यांची.

मग एकच काम उरलं होतं आणि ते मामीनं ठरवलं, मी नाही. मधल्या आणि खालच्या पट्टीचा पाला इळ्यानं जमिनीलगत कापून काढायचा, वावराबाहेर खड्ड्यात पुरायचा. मामा तयार नव्हता, हिरवी झाडं आहेत अजून, आलू पोसतील म्हणे. मामी म्हणाली, वरून पाणी पडून राहिलं, ते पानावरचं सगळं धुऊन खाली आलूवरच जाणार. बरोबर तेच होतं. बीजाणू पावसासोबत मातीत झिरपतात, भर कमी असली तर थेट आलूपर्यंत. पाला कापून दोन आठवडे थांबलो, साल पक्की होऊ दिली, मग काढणी. खालच्या पट्टीत दुसरी भर लागलीच नव्हती, झडीमुळं राहून गेली होती, तिथले आलू कापून पाहिले तर सालीखाली गंजासारखा लालसर-तपकिरी रंग आत उतरलेला. वरून धड दिसणारेही त्यात होते. ते कोठ्याशेजारच्या खोलीत चांगल्यांसोबत ठेवले गेले आणि आठ-दहा दिवसांत खोलीला वास सुटला.

हिशोब असा: १८ कट्टे लावले, ४० निघाले. त्यातले २४ एकट्या वरच्या पट्टीचे, ११ मधल्या, ५ खालच्या. खोलीत सडले ते ६ कट्टे, म्हणजे विकायला ३४. बेण्याचा, मजुरीचा, तीन फवारण्यांचा खर्च निघाला नाही. मामानं त्या साली एक म्हैस विकली.

आता इथं एक प्रामाणिक गोष्ट. २४ विरुद्ध ११ आणि ५ पाहून कुणीही म्हणेल की ज्योती जिंकला. पण ज्योती वाऱ्याच्या पट्टीत होता आणि लवकर ओलीच्या, मग जिंकला तो वाण की वारा? हे एका सालच्या आकड्यातून ठरत नाही. म्हणून दुसऱ्या साली आम्ही जरा डोकं लावून मांडणी केली. खालची पट्टी आलूतून काढलीच, तिथं कुटकी हे भरडधान्य पेरलं. हा निर्णय मला वाणापेक्षा आणि औषधापेक्षा मोठा वाटतो. त्या जागेत पान वाळतच नाही, तिथं कितीही महागडं औषध आणा, तुम्ही धुक्याशी भांडताय. वरच्या आणि मधल्या पट्टीत ज्योती, १२ कट्टे. आणि मधल्या पट्टीत बरोबर मध्ये दोन सऱ्या लवकरच्या, थोड्या बेण्यातून, मुद्दाम.

बेण्याचं पण सांगतो. पहिल्या साली मोठे आलू चिरून लावले होते, आणि पावसाळ्यात चिरलेली फोड ओल्या मातीत सडते, सरीत दोन-दोन हात जागा रिकामी राहिली होती. दुसऱ्या साली अंड्याएवढे अख्खे आलू, ३० ते ४० ग्रॅमचे निवडून घेतले, मॅन्कोझेबच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून सावलीत सुकवले. घरचं बेणं एकही ठेवलं नाही, रोगट वावरातला आलू म्हणजे रोग पोत्यात भरून ठेवणं. काढणीत राहिलेल्या आलूतून आपोआप उगवलेली झाडंही मामीनं उपटून टाकली, तीच पहिली ठिणगी असतात. करप्याला आणखी चांगले टिकणारे डोंगरी वाण आलेत, २००६ चा हिमालिनी, २००८ चा गिरधारी, पण त्यांचं बेणं आम्हाला मिळालं नाही. जे खात्रीचं मिळालं त्यावरच गणित बसवलं.

फवारणीत सगळ्यात मोठा बदल म्हणजे रोग दिसायच्या आधी मारणं. मॅन्कोझेब हे पानावर बसून राहणारं औषध, आत शिरत नाही, म्हणजे ते दाराला कडी आहे, घरात शिरलेल्या चोराला त्याचं काही नाही. झाडं सरीत एकमेकांना भिडायला लागली, तेव्हाच पहिली फवारणी, डाग एकही नसताना. मामाला हे पटायला वेळ लागला, रोग नाही तर पैसे कायले घालू हा त्याचा सवाल, आणि सवाल रास्त आहे. मी त्याला पहिल्या सालचे तीन फवाऱ्यांचे पैसे आणि सडलेले ६ कट्टे मांडून दाखवले.

मग प्रमाण. मामा औषध काडीपेटीनं मोजायचा, एका पंपाला एक पेटी. आम्ही सोनाराकडच्यासारखा छोटा काटा आणला आणि ती पेटी मोजली, तर कधी १८ ग्रॅम कधी २५. १५ लिटरच्या पंपाला लिटरमागं अडीच ग्रॅम धरलं तर ३७ ग्रॅम लागतात. शिवाय एकराला सहा पंपांत तो फवारणी उरकायचा. भरलेल्या आलूला एकरी २०० लिटर पाणी तरी पाहिजे, म्हणजे तेरा पंप. म्हणजे औषध अर्ध्याच्या आसपास आणि पाणीही निम्म्याहून कमी, वावरावर पाव भागच पोचत होता. आणि नोझल तणनाशकाचं चपट्या फवाऱ्याचं, जे जमिनीवर मारायला असतं. पानाच्या खालच्या बाजूला औषध गेलंच पाहिजे, बुरशी तिथंच येते, म्हणून पोकळ शंकूच्या फवाऱ्याचं नोझल घेतलं, खालून वर मारायचं. तणनाशकाचा पंपच वेगळा केला, त्याला लाल रंगाचा पट्टा मारला. वेळ सकाळची नाही, ओल्या पानावरून औषध ओघळून जातं, अकरानंतर धुकं फाटलं की दोन-तीन तासांची जी फट भेटते ती पकडायची, पाण्यात स्टिकर, म्हणजे औषध पानावर चिकटून राहावं म्हणून असतं ते, टाकायचं. झडीत फट भेटली नाही तर भेटेल त्या दिवशी, दिनदर्शिका पाहून नाही.

फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल थोडं जास्तच लिहितो, कारण विदर्भात हे विसरून चालणारच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. मामा अर्ध्या बाहीच्या बनियनवर, पाय उघडे, तोंडाला काही नाही असा फवारायचा, आणि पहिल्या साली दुकानदारानं सांगितलं म्हणून तीन औषधं एका पंपात कालवून. आता पूर्ण बाहीचा सदरा, हातमोजे, मास्क, वारा येतो तिकडं पाठ, बुरशीनाशकात टॉनिक-कीटकनाशक कालवायचं नाही, आणि पंप नाल्यात धुवायचा नाही. खाली त्याच नाल्यावर लोकांची ढोरं पाणी पितात, माणसंही. मामी यावर कडक आहे, हात-पाय साबणानं धुतल्याशिवाय चहा देत नाही.

दुसऱ्या साली आश्लेषातच परत झड लागली. मधल्या पट्टीतल्या लवकरच्या दोन सऱ्यांवर पहिला डाग दिसला, मामानंच सकाळी पान उलटं करून शोधला आणि मला फोटो पाठवला, पांढरी किनार स्पष्ट. शेजारच्या ज्योतीवर तोवर काही नाही. वारा तोच, माती तीच, फवारणी तीच, तरी ज्योतीवर डाग यायला पुढं सहा दिवस गेले. पहिल्या सालच्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळालं: वाण आणि वारा, दोन्ही. त्याच दिवशी लवकरच्या सऱ्यांचा पाला कापून पुरला, त्या ठेवल्या असत्या तर त्यांनीच सगळ्या पट्टीला रोग वाटला असता, आणि दुपारी धुकं फाटल्यावर सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेबची फवारणी, लिटरला तीन ग्रॅम. सात दिवसांनी साधं मॅन्कोझेब, त्यानंतर डायमेथोमॉर्फ सोबत मॅन्कोझेब, म्हणजे आतून काम करणारं औषध दर वेळी वेगळ्या गटातलं. मेटालॅक्सिल त्या साली वापरलंच नाही. एकूण सहा फवारण्या झाल्या, पहिल्या सालच्या दुप्पट, आणि हा खर्च कमी नाही. जो कुणी म्हणेल की ज्योती लावला की फवारणी लागत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण लवकरवर या सहानंही भागलं नसतं असं माझं मत आहे.

दोन पट्ट्यांतून, म्हणजे एकराच्या दोन तृतीयांशातून, ७० कट्टे निघाले. दोन्ही भरी वेळेवर लागल्या होत्या, सडके अर्धा कट्टासुद्धा नाही. खर्च जाऊन पैसे उरले, म्हैस परत घेण्याइतके नाहीत.

आणि कुटकी ठीकठाक झाली, मामीनं ती विकली नाही, घरी ठेवली. या साली मामा खालच्या पट्टीत हिवाळी आलू लावून पाहायचं म्हणतोय, पाऊस गेल्यावर, नाल्याचं पाणी आहे तोवर, आणि तिथं त्याला लवकर हाच वाण लावायचाय. धुवारी त्या महिन्यांत कमी असते आणि दिवसाचं ऊन मिळतं, तर मला त्यात चूक दिसत नाही. फक्त धुऱ्यावरच्या झाडांच्या खालच्या फांद्या आधी छाटून घ्या म्हणून सांगितलंय, सकाळचं ऊन पानावर निदान नऊला तरी पडलं पाहिजे.